आधी गाव धरा, आडनाव मागून येईल

गोंदिया जिल्ह्यात पूर्वजांचा शोध फार थोडे लोक हौसेनं सुरू करतात. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो, जात पडताळणी समिती जुना पुरावा मागते आणि घरात पेट्या, ट्रंका, देव्हाऱ्यामागच्या पिशव्या उघडायला लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा कागद हवा असतो. कागद सापडतोही, पण त्यावर आडनाव भलतंच असतं, किंवा नसतंच.

बहुतेकांचा शोध इथंच अडतो, कारण त्यांनी सुरुवातच आडनावानं केलेली असते. या भागात आडनाव हा सगळ्यांत कच्चा धागा आहे. गाव, बापाचं नाव आणि कुर म्हणजे कुळी, हे तिन्ही एकत्र धरले तर आडनाव कसंही लिहिलेलं असलं तरी माणूस ओळखता येतो.

सुरुवात घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपासून करा. बाईच म्हणतो, कारण पुरुष घराण्याची कीर्ती सांगतात आणि बाया सोयरीक सांगतात. शोधात सोयरीक जास्त कामाला येते. ‘आपण मूळचे कुठले?’ असं विचारलं की ऐकीव गोष्ट मिळते. त्याऐवजी आजीचं माहेर कोणतं, आजेसासू कोणत्या गावची, लग्नात मामा कुठून आले होते, कोणाच्या मरणाचं सुतक धरलं, देव कोणत्या घरी ठेवलेत, हे विचारा. सुतक हा प्रश्न विसरू नका. दूरच्या गावातल्या, वेगळ्या आडनावाच्या कुटुंबाचं सुतक तुमच्या घरात पाळलं गेलं असेल, तर ते भाऊबंद आहेत आणि मधे कुठंतरी आडनाव फुटलंय.

पोवारांनी कुर लिहून ठेवावी. छत्तीस कुर मानतात. बिसेन, पटले, कटरे, टेंभरे, रहांगडाले, बोपचे, तुरकर, शरणागत ही नावं त्यांतलीच. गोंड कुटुंबांनी आडनावाच्या आधी देवांची संख्या विचारावी: चार देवे, पाच देवे, सहा देवे की सात देवे. लग्न कुठं होतं आणि कुठं होत नाही, हे त्यावर ठरत असल्यामुळे ती संख्या घरोघरी नीट लक्षात ठेवलेली असते. आडनाव लिहिणाऱ्या कारकुनाला ती माहीत नव्हती, म्हणून त्याला ती बिघडवताही आली नाही.

मग गावाकडे वळा. तुमचं गाव आज ज्या जिल्ह्यात, तालुक्यात आणि राज्यात आहे, तिथंच पणजोबांच्या वेळी असेल असं नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचं सगळं ‘जिल्हा भंडारा’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भंडारा जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. म्हणजे आजच्या देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माणसाच्या जुन्या कागदावर ‘तहसील साकोली’ दिसलं तर दचकू नका. बालाघाट जिल्हा तर १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून तयार झाला. त्याआधीच्या कागदात वैनगंगेच्या खोऱ्यातली आज बालाघाटात असलेली काही गावं भंडाऱ्याची म्हणूनच येतात. राज्यही बदलत गेलं: भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमल, मध्य प्रांत, मग मध्य प्रांत व वऱ्हाड, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एकाच घरातल्या तीन भावांच्या शाळेच्या दाखल्यांवर तीन राज्यांची नावं असू शकतात.

गावाच्या नावावरही विसंबून चालत नाही. अर्जुनी म्हटलं की मोरगाव अर्जुनी की सडक अर्जुनी, हे पहिल्यांदा विचारावं लागतं. नवेगाव, पिंपळगाव, खैरी यांची तर मोजदादच नको. परसवाडा बालाघाटातही आहे आणि गोंदियातही. म्हणून जुन्या कागदावर मौजाच्या शेजारी लिहिलेला बंदोबस्त नंबर आणि पटवारी हलका नंबर वहीत उतरवून घ्या. ‘ब.नं.’ आणि ‘प.ह.नं.’ असे ते असतात. नावापुढची खुर्द, बुजरूक, माल, रैयतवारी, चक, रिठी ही शेपटंही उतरवा. रिठी म्हणजे ओस पडलेलं गाव. तुमच्या घराण्याचं मूळ गाव नकाशावर सापडत नसेल, तर ते रिठी झालं असण्याची शक्यता चांगलीच आहे. त्याचा शिवार मात्र महसुली दप्तरात नंबरासकट जिवंत असतो.

आता आडनावाकडे येऊ. एक कोरा कागद घ्या आणि आपलं आडनाव जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी लिहा: मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि आजी उच्चारते तसं. हा तक्ता शोधात रोज लागणार आहे.

तक्ता करताना तीन प्रकारचे बदल डोळ्यांसमोर ठेवा. पहिला बोलीचा. झाडीबोलीत ळ चा र होतो, ण चा न, श चा स. त्यामुळे शहारे आणि सहारे एकाच वहीच्या दोन पानांवर भेटतात. हरिणखेडे घरात हरिनखेडेच असतात. बाहेरून बदलून आलेल्या एखाद्या शुद्धलेखनप्रेमी गुरुजींनी त्यांना ‘ण’ बहाल केलेला असतो. याच मंडळींनी चौहानांचे चव्हाण करून टाकले. त्यांचा हेतू चांगला होता, पण शोध घेणाऱ्याला ते फार महाग पडतं.

दुसरा बदल राज्याच्या सीमेचा. रजेगावचा बाघ नदीवरचा पूल ओलांडला की दप्तराची भाषा हिंदी होते. मराठीतला ड तिथं नुक्ता घेतो आणि इंग्रजीत जाताना त्याचा र होतो. इकडचे मडावी मंडल्याकडे मरावी होतात. ब आणि व यांची अदलाबदल तर पावलोपावली. बिसेन कुठं विसेन होतात, वरकडे कुठं बरकडे. हा बदल पहिल्याच अक्षरात होतो, म्हणून तो सगळ्यांत घातक. अकारविल्हे यादीत तुम्ही ‘व’ची पानं पालथी घालता आणि तुमचा माणूस ‘ब’मध्ये शांत बसलेला असतो. येडे घराण्यातले काही लोक पलीकडे एडे लिहितात. उईके कुठं उइके, कुठं इंग्रजीतल्या डब्ल्यूनं सुरू होणारे वीके. यादीत आधी आपल्या तक्त्यातली सगळी आद्याक्षरं बघा, मगच ‘नाही’ म्हणा.

तिसरा बदल इंग्रजी टंकलेखनाचा. पटले हे आडनाव इंग्रजीत लिहिताना शेवटची दोन अक्षरं उलटली, पी ए टी एल ई ऐवजी पी ए टी ई एल झालं, की गोंदियाचा पोवार एका झटक्यात गुजराती पटेल होतो. टंकलेखकाला ‘पटेल’ ओळखीचं, ‘पटले’ अनोळखी. तो आपल्या समजुतीनं दुरुस्ती करतो. टेंभरे यांच्यातला एच गळतो आणि मधे ए शिरतो. त्यातून टेंभुर्णे हे वेगळं आडनावही आहेच. ते टेंभरेंचं रूप समजून आपल्या वंशावळीत ओढू नका. रहांगडाले तर इतकं लांब की रेल्वेच्या, कारखान्याच्या हजेरीपटात कुठलं अक्षर गळेल ते सांगता येत नाही.

सारखी दिसणारी आडनावं म्हणजे एकच घराणं, असंही नाही. मेश्राम गोंडांत आहेत आणि बौद्धांतही. ठाकरे पोवारांत आहेत, कुणब्यांतही आहेत. आडनाव जुळलं म्हणून कागद आपला झाला, या घाईत परक्या पणजोबाला आपल्या झाडाला चिकटवणारे पुष्कळ आहेत, आणि समितीपुढे तेच पहिल्यांदा उघडं पडतं.

कागद बघायची वेळ आली की अलीकडच्यापासून मागे जा. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीपासून सुरुवात करणं सोपं. लोक फक्त जातीचा रकाना बघून उतारा मागतात. तुम्ही ‘पूर्वीची शाळा’ आणि ‘शाळा सोडण्याचं कारण’ हे रकानेही बघा. ‘बाप दुसऱ्या गावी गेल्यामुळे’ अशा एखाद्या ओळीत स्थलांतराची तारीखच हाती लागते. जन्मतारखेवर मात्र फार भरवसा ठेवू नका. ती बऱ्याचदा गुरुजींनी मुलाच्या उंचीकडे बघून घातलेली असते. १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या नोंदींत थोरल्या भावापुढे ‘महार’ आणि धाकट्यापुढे ‘बौद्ध’ असं दिसलं तर ती दोन कुटुंबं नव्हेत.

त्यामागे कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवाल वहीत नोंदवून ठाण्यात कळवत असे. त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे, त्यामुळे नोंद कधी मुकद्दमाच्या हातची, कधी पटवाऱ्याच्या. तीत बाळाचं नाव शोधत बसू नका. नाव ठेवायच्या आधीच वर्दी गेलेली असते, म्हणून नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं आणि पुढे बापाचं नाव, जात, गाव. समजा नोंद अशी आहे: ‘डोमा वल्द सोमा पवार, साकिन अमुक, मुलगा.’ आता ‘पवार’ बघून अडखळू नका. पश्चिम महाराष्ट्रात पवार हे आडनाव असतं. इथल्या जुन्या वहीत ती जात आहे, आणि पोवार, पवार, पंवार अशी तिन्ही रूपं एकाच ठाण्याच्या वह्यांत सापडतात. डोमाचं आडनाव बिसेन होतं की कटरे, हे त्या ओळीत नाही. ते कळायला त्याच गावचा, त्याच नावाचा, त्याच बापाचा डोमा दुसऱ्या कागदात गाठावा लागतो.

तो दुसरा कागद जमिनीचा. विदर्भातल्या मध्य प्रांतीय जिल्ह्यांत १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी असते आणि शोधात ती सोन्याच्या मोलाची. मालगुजारी, म्हणजे गावाच्या साऱ्याची जमीनदारी पद्धत, १९५१ मध्ये गेली. मालगुजारांचे तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले आणि कसणाऱ्यांची नावं नव्यानं लिहिली गेली. त्या पंजीत माणूस, बाप, जात, राहण्याचं गाव एका ओळीत मिळतात. तिच्या मागे बंदोबस्ताची मिसल, खसरा, पी-१ असे कागद. फेरफार नोंदवही मात्र सावकाश वाचा. बाप मेल्यावर वारस चढतात, तेव्हा मुलं, विधवा, लग्न झालेल्या मुली असे सगळे एका नोंदीत येतात. घरात कोणी वंशावळ काढली नसली तरी पटवाऱ्यानं नकळत काढून ठेवलेली असते.

वाचताना चार शब्द पाठ असू द्या: वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जोजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा, साकिन म्हणजे राहणार. ‘साकिन’पुढे जमिनीच्या गावापेक्षा वेगळं गाव आलं तर थांबा. माणूस तिथून आलेला आहे किंवा तिकडे गेलेला आहे, आणि पुढचा अर्ज त्या गावासाठी करायचा.

अर्ज कुठं करायचा? जमिनीच्या कागदांसाठी तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेखचं तालुका कार्यालय. १९९९ पूर्वीचं काही गोंदियात मिळत नसेल तर भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, देवरी-अर्जुनीकडच्यांनी साकोलीलाही. नदीपलीकडच्या गावासाठी बालाघाटचा अभिलेखागार. त्याहून जुन्या सरकारी दप्तरासाठी नागपूरचं पुराभिलेख कार्यालय. भोसलेकालीन कागद मोडीत असतात; मोडी वाचणारा माणूस आधी शोधा, मग दप्तर मागवा. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये नेमली गेली, तेव्हापासून अनेक जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदींच्या प्रती टाकल्या आहेत. कुणबी कुटुंबांनी चपला झिजवायच्या आधी त्या चाळाव्यात.

अर्जात नुसतं ‘माझ्या आजोबांचा पुरावा मिळावा’ असं लिहिलं तर बाबू हात वर करतो, आणि त्यात त्याची फारशी चूक नाही. मौजा, ब.नं., तहसील जुनी आणि नवी, माणसाचं नाव, बापाचं नाव, कोणत्या साली ते कोणत्या सालापर्यंत, कोणती वही, आणि तक्त्यातली आडनावाची सगळी रूपं, एवढं असेल तर काम होतं. नोंद मिळाली नाही तर ‘नोंद आढळत नाही’ असं लेखी घ्या; तोही कागद आहे.

कुटुंब का हललं, याची कारणं या भागात फार नाहीत, पण ठळक आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. त्या सालच्या वहीत एका घरातली तीन-चार मरणं लागोपाठ दिसली आणि त्यानंतर घरच नाहीसं झालं, तर उरलेलं पोर आजोळी गेलं असावं असं धरून मामाच्या गावची वही काढा. तिथं ते मामाच्या आडनावानंही लिहिलेलं सापडू शकतं. दुसरं कारण रेल्वे. १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग झाला, तो पुढे बंगाल नागपूर रेल्वेकडे गेला आणि गोंदिया जंक्शन बनलं. त्या रुळांवरून माणसं नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेली, राजनांदगावच्या बीएनसी मिलमध्ये गेली, बालाघाटच्या मँगनीज खाणींत उतरली, १९५० च्या दशकाअखेर भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागली. याच रुळांवरून कच्छी, मारवाडी आणि फाळणीनंतर सिंधी व्यापारी गोंदियात आले. त्यांचा माग काढायची रीत वेगळी आहे, तिला स्वतंत्र लेख लागेल.

भिलाईला गेलेल्या काकांची सेवापुस्तिका आणि भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन मागून बघा. नोकरीच्या कागदावर मूळ गाव लिहावं लागतं आणि तिथं माणूस खोटं लिहीत नाही. सुट्टीतल्या प्रवासाची सवलत त्याच गावाची मिळत असते.

आता घराण्याच्या मोठ्या गोष्टींबद्दल. पोवार सांगतात, आम्ही धारहून आलो, आधी रामटेकजवळच्या नगरधनला, मग वैनगंगेकाठी. कोहळी सांगतात, चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजानं आम्हाला काशीहून तलाव बांधायला आणलं. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीचा. या कथा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथासारख्या जुन्या पुस्तकांतून छापूनही आल्या आहेत. त्या जातीच्या आठवणी आहेत आणि जपाव्यात. पण तुमच्या खापरपणजोबाचं नाव कागदावर ज्या गावापर्यंत जातं, तिथंच तुमची वंशावळ संपते. तिथून थेट राजा भोजापर्यंत रेघ ओढणारी रंगीत वंशावळ विकत मिळते. ती बैठकीत टांगायला ठीक, समितीपुढे नेऊ नका.

गोंड कुटुंबांना एक ठिकाण आणखी आहे. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला कोया पुनेम या गोंडी धर्माची यात्रा भरते आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशातून लोक येतात. तिथं ‘मडावी कोणी आहे का?’ असं विचारण्यापेक्षा आपली देवांची संख्या आणि मूळ गाव सांगा. मरावी असोत की मडावी, आपली माणसं त्यावरून पुढे येतात.

सगळे कागद जमले की फरकांचा एक तक्ता करा: सन, कागद, नाव कसं लिहिलंय, आडनाव कसं लिहिलंय, बापाचं नाव, गाव. जुन्या नोंदीत खाडाखोड करून घेण्याच्या फंदात चुकूनही पडू नका. फरक आहे तसा ठेवायचा आणि ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र वंशावळीच्या शपथपत्राला जोडायचं. स्वतःचं आडनाव पुढे एकाच रीतीनं चालवायचं असेल तर राजपत्रात बदल छापून घ्या. पण तो तुमच्यापासून पुढे लागू. आजोबांना तो लागत नाही.

अस्थी घेऊन प्रयागला कधी गेलात तर पंड्याची वही सोडू नका. पंडे निशाणावरून ओळखले जातात आणि यजमान गावावरून वाटलेले असतात, तेव्हा तिथंही आधी गावच सांगा, आणि सोबत ‘जिल्हा भंडारा’ म्हणा. गोंदिया जिल्हा त्यांच्या जुन्या पानांवर नसणार. जुनी नोंद निघाली तर फोटो काढण्याआधी परवानगी विचारा. मग तुमची नोंद लिहिली जाईल तेव्हा शेजारी बसून घ्या: पूर्ण नाव, बाप, आजा, बायकोचं माहेर, मौजा, तहसील, कुर, आणि आडनाव देवनागरीत व इंग्रजीत, दोन्हीकडे आपल्या हातानं.